अंगणातील दाणा, झाड आणि काच : उत्तर अमेरिकेतील रानपक्ष्यांसाठी काय करावे

उत्तर अमेरिकेत, विशेषतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या दोन देशांत, घरामागच्या अंगणात रानपक्ष्यांसाठी दाणे ठेवण्याची प्रथा इतकी रुळलेली आहे की वाणसामानाच्या मोठ्या दुकानांतूनही पक्ष्यांच्या खाद्याच्या पिशव्या सहज मिळतात. हा पक्षी जवळून पाहण्याचा सर्वांत सोपा मार्ग असला, तरी पक्षी टिकवण्याचा तो सर्वांत परिणामकारक मार्ग नाही, हे दाण्याचे पहिले पात्र टांगण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९७० पासून या खंडातील पक्ष्यांची एकूण संख्या सुमारे २९० कोटींनी, म्हणजे २९ टक्क्यांनी घटली. आणि ही घट दुर्मीळ पक्ष्यांपुरती मर्यादित नसून तिचा मोठा वाटा तेथील चिमणीवर्गीय, वार्ब्लर, ब्लॅकबर्ड आणि फिंच अशा एकेकाळी विपुल असलेल्या कुळांचा आहे. अंगणात येणारे अनेक पक्षी याच कुळांतील आहेत. त्यामुळे ज्याच्याकडे चार हात जमीन, एक सज्जा किंवा निदान एक मोठी खिडकी आहे, त्याच्या हातून काहीतरी भले किंवा बुरे घडतच असते.

दाणे घातल्याने पक्षी आळशी किंवा परावलंबी होतात, ही शंका पुष्कळदा घेतली जाते. विस्कॉन्सिन राज्यात मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ले टेम्पल यांनी १९८०च्या दशकात काळ्या टोपीच्या चिकॅडीवर जे काम केले, त्यातून या शंकेचे चांगले उत्तर मिळते. चिकॅडी हा जेमतेम अकरा-बारा ग्रॅम वजनाचा, काळी टोपी, काळा गळा आणि पांढरे गाल असलेला पक्षी कडाक्याच्या थंडीतही स्थलांतर करीत नाही. या अभ्यासात फीडरवरून, म्हणजे दाण्याच्या पात्रातून, या पक्ष्यांना रोजच्या गरजेच्या सुमारे एकपंचमांश ऊर्जाच मिळत होती आणि उरलेले अन्न ते रानातूनच मिळवत होते. तरीही दाणे उपलब्ध असलेल्या ठिकाणी हिवाळा पार करणाऱ्यांचे प्रमाण ६९ टक्के, तर इतरत्र ३७ टक्के आढळले. पुढे वर्षानुवर्षे चालू असलेले फीडर काढून घेतल्यावरही तेथील चिकॅडी इतरांइतकेच तग धरून राहिले. याचा अर्थ असा, की चार दिवस गावाला गेल्याने कोणाचा पक्षी उपाशी मरत नाही. पण गोठवणाऱ्या पावसाच्या किंवा हिमवादळाच्या दिवशी भरलेले पात्र एखाद्या जिवाला खरोखर तारू शकते.

या पक्ष्याचे खाणे थोडा वेळ थांबून पाहण्यासारखे असते. तो पात्रावर येतो, एक-दोन दाणे चोचीने उचलून जोखतो, त्यांतला एकच घेऊन जवळच्या फांदीवर जातो, दोन्ही पायांखाली तो घट्ट धरतो आणि चोचीचे घाव घालून टरफल फोडतो. किंवा न खाता सालीच्या भेगेत, शेवाळाखाली लपवून ठेवतो आणि अशा शेकडो जागा लक्षात ठेवून पुढे त्या धुंडाळतो. याउलट गोल्डफिंच पात्रावरच ठाण मांडून एकामागून एक दाणा सोलत राहतो. म्हणून चिकॅडी, शिलींध्री आणि सुतारपक्षी यांच्यासाठी जवळपास झाड किंवा झुडूप असणे, आणि फिंचांसाठी बसायला दांड्या असलेले लांबट नळीचे पात्र असणे, या गोष्टी दाण्याइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

दाण्यांत पहिला मान काळ्या, तेलबी जातीच्या सूर्यफुलाचा. त्याचे टरफल पातळ आणि गरात स्निग्धांश भरपूर, त्यामुळे लहान चोचीच्या पक्ष्यालाही तो फोडता येतो. पट्टेरी सूर्यफुलाचे टरफल जाड असल्याने ते मोठ्या चोचीच्या पक्ष्यांच्याच उपयोगी पडते. एकच दाणा घ्यायचा असेल तर काळाच घ्यावा. करडईचे बी कार्डिनलला, म्हणजे पूर्व भागातील त्या लालभडक, तुरेवाल्या पक्ष्याला चांगले चालते, आणि खारी, स्टारलिंग यांना ते फारसे रुचत नसल्याने ज्या अंगणात त्यांचा उच्छाद असतो तेथे ते कामी येते. तेथे ‘नायजर’ या नावाने विकले जाणारे बारीक काळे बी म्हणजे मराठी घरांतील चटणीचे कारळेच होत. इथिओपिया, भारत अशा देशांतून त्यांची आयात होते आणि त्यांच्यासोबत परदेशी तण रुजू नये म्हणून ते उष्णता देऊन मगच बाजारात सोडले जातात. गोल्डफिंच आणि पाइन सिस्किन यांचे ते आवडते खाद्य आहे. मात्र ते बारीक छिद्रांच्या खास पात्रातच ठेवावे आणि थोडे थोडे आणावे, कारण तेल खवट झाले की पक्षी त्याकडे फिरकत नाहीत. जमिनीवर टिपणाऱ्या जुंको आणि देशी स्पॅरोंसाठी वरीसारखे पांढरे प्रोसो भरडधान्य उत्तम.

स्वस्त मिश्रणांच्या पिशव्यांत मात्र तांबडी ज्वारी आणि गहू यांची भरती असते. नैर्ऋत्येकडील वाळवंटी प्रदेशातील गॅम्बेल्स क्वेलसारखे पक्षी ज्वारी आनंदाने खातात, पण पूर्वेकडे बहुतेक पक्षी ती चोचीने बाजूला सारतात, ती खाली पडून कुजते आणि उंदरांना आमंत्रण मिळते. तेव्हा स्वस्त पिशवी शेवटी महागच पडते. सुतारपक्ष्यांसाठी ‘स्यूएट’, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी, जाळीच्या पिंजरीत टांगतात. ज्या घरांत ही चरबी आणणे मान्य नसते, तेथे बिनमिठाचे, सोललेले शेंगदाणे जाळीच्या पात्रात ठेवले तरी सुतारपक्षी, शिलींध्री आणि ब्लू जे येतात. फक्त शेंगदाण्यांना ओल लागू देऊ नये, कारण बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष पक्ष्यांनाही मारक असते. पाव, पोळीचे तुकडे, खारे फरसाण आणि उरलेसुरले शिजवलेले अन्न घालू नये. धान्य मूठ-मूठ उधळण्याची, भूतदयेतून आलेली सवय मनाने कितीही मोठी असली, तरी तेथील उपनगरांत तिचा लाभ पक्ष्यांपेक्षा उंदीर-घुशींनाच अधिक होतो.

हमिंगबर्डचे खाद्य हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यात घरगुती चुका सर्वाधिक होतात. पूर्वेकडील रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड साधारण तीन ग्रॅमचा. तरी त्यांतील अनेक पक्षी मेक्सिकोचे आखात न थांबता ओलांडतात. त्याच्यासाठी एक भाग साधी पांढरी साखर आणि चार भाग पाणी एवढेच मिश्रण करावे. मधात बुरशी व आंबण्याची प्रक्रिया लवकर सुरू होते, तर गूळ आणि तपकिरी साखर यांतील लोह या जिवाला हानिकारक ठरते. म्हणून ‘नैसर्गिक ते चांगले’ हा नियम येथे लावू नये. लाल रंग मिसळण्याची गरज नाही, पात्राचा लाल भाग पुरेसा असतो. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी पाणी ओतून देऊन पात्र गरम पाण्याने घासून धुवावे, आणि मिश्रण गढूळ दिसले तर त्याच दिवशी. शरद ऋतूत पात्र टांगलेले राहिल्याने हमिंगबर्ड दक्षिणेला जायचे थांबतात, ही समजूत चुकीची आहे, कारण स्थलांतराची वेळ प्रामुख्याने दिवसाच्या लांबीवर ठरते. उलट शेवटचा पक्षी दिसल्यानंतरही दोन आठवडे पात्र ठेवल्यास मागाहून जाणाऱ्या वाटसरूंना ते उपयोगी पडते.

पात्रे टांगण्याबाबत एक नियम काटेकोरपणे पाळावा. ती खिडकीपासून तीन फुटांच्या आत असावीत किंवा तीस फुटांहून दूर. जवळच्या पात्रावरून दचकून उडालेल्या पक्ष्याला जीवघेणा वेग घेण्याइतके अंतर मिळत नाही, दूरच्या पात्रावरून उडालेल्याला वळायला अवकाश मिळतो; मधले अंतर सर्वांत घातक. खारींसाठी खांबावर शंकूच्या किंवा नळकांड्याच्या आकाराचा अडथळा बसवावा आणि खांब उडी मारता येईल अशा फांदीपासून दहाएक फूट लांब रोवावा. काळ्या अस्वलांचा वावर असलेल्या भागांत, उदाहरणार्थ न्यू जर्सीच्या वायव्येला किंवा कनेक्टिकटमध्ये, अस्वले जागी असण्याच्या काळात, म्हणजे वसंतापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत, दाणे ठेवूच नयेत. अंगणात खायची चटक लागलेले अस्वल बहुधा स्वतःच्याच जिवाला मुकते. कूपर्स हॉक हा शिक्र्याच्या गटातील शिकारी पात्रावर झडप घालू लागला, तर आठवडाभर पात्रे उतरवून ठेवावीत, तो दुसरीकडे जातो. त्याला शत्रू मानण्याचे कारण नाही. तोही कायद्याने संरक्षित असलेला रानपक्षीच आहे.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत नाही. रानात विखुरलेले पक्षी पात्रावर एकत्र येतात, त्याच दांडीवर बसतात, त्याच भोकात चोच घालतात, आणि एका आजारी पक्ष्याचा रोग अनेकांना लागतो. १९९४च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन डी.सी.च्या परिसरात हाउस फिंचांचे डोळे सुजून, चिकटून बंद होताना दिसू लागले. मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणारा हा रोग काही वर्षांतच खंडाच्या पूर्व भागात पसरला. २०२०-२१च्या हिवाळ्यात पाइन सिस्किनमध्ये साल्मोनेलाची मोठी साथ आली आणि अनेक राज्यांच्या वन्यजीव विभागांनी नागरिकांना काही काळ पात्रे उतरवायला सांगितले. म्हणून दर दोन आठवड्यांनी पात्र रिकामे करून, घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांत काही मिनिटे बुडवावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच पुन्हा भरावे. खाली पडलेली टरफले आणि विष्ठाही उचलावी. पिसे फुलवून सुस्त बसलेला किंवा डोळे सुजलेला पक्षी दिसला, तर सर्व पात्रे निदान दोन आठवडे बंद ठेवावीत. ज्याला एवढे करणे शक्य नाही, त्याने दाणे न घालणे हीच पक्ष्यांची अधिक मोठी सेवा होय, कारण या लेखात पुढे सांगितलेले सारे काही दाण्यावाचूनही करता येते.

पाण्याविषयी थोडेच सांगायचे आहे. दाण्याकडे कधीही न येणारे वार्ब्लर आणि थ्रशही पाण्यावर येतात. पसरट, खरखरीत तळाचे, एक-दोन इंच खोल पात्र पुरते. त्यात थेंब-थेंब पाणी पडत राहिले तर त्या आवाजाने पक्षी ओढले जातात. डासांची पैदास टाळण्यासाठी पाणी एक-दोन दिवसांआड बदलावे.

अंगणाचे खरे काम झाडांवर होते. उत्तर अमेरिकेतील जमिनीवरचे सुमारे ९६ टक्के पक्षी आपल्या पिल्लांना कीटक भरवतात. जन्मभर दाणे खाणाऱ्या पक्ष्याचे पिल्लूही बहुधा अळ्यांवरच वाढते. चिकॅडीच्या एका वेळच्या पिल्लांना घरट्यातून बाहेर पडेपर्यंत सहा ते नऊ हजार सुरवंट लागतात. इतके सुरवंट कोणत्याही दुकानात मिळत नाहीत, ते फक्त झाडावर मिळतात, आणि तेही वाटेल त्या झाडावर नव्हे. पाने खाणाऱ्या बहुतेक अळ्यांना ठरावीक वनस्पतींतील रासायनिक संरक्षणाशी जुळवून घ्यायला दीर्घ काळ लागलेला असतो, त्यामुळे त्या त्याच प्रदेशातील देशी झाडांवर जगतात. डेलावेअर विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलामी यांनी दाखवून दिल्याप्रमाणे पूर्व किनाऱ्याच्या मध्यभागी देशी ओकवर पाचशेहून अधिक जातींचे सुरवंट पोसले जातात, तर शोभेसाठी लावलेल्या आशियाई गिंकोवर जवळजवळ काहीच नाही. २०१८ साली डिझिरी नारांगो, टॅलामी आणि पीटर मारा यांनी वॉशिंग्टन परिसरातील अंगणांत कॅरोलायना चिकॅडीचा अभ्यास करून असे मांडले की अंगणातील देशी वनस्पतींचे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेले की तेथील चिकॅडींची संख्या टिकू शकत नाही. वरवर हिरवेगार दिसणारे अंगण त्यांच्या दृष्टीने उजाड असू शकते.

तेव्हा जागा असेल तर एक देशी ओक लावावा. जागा थोडी असेल तर सर्व्हिसबेरी, डॉगवुड, एल्डरबेरी, विंटरबेरी अशी फळझुडपे. आणि केवळ वाफा असेल तर कोनफ्लॉवर, देशी सूर्यफूल, गोल्डनरॉड आणि हमिंगबर्डसाठी कार्डिनल फ्लॉवर किंवा ट्रम्पेट हनीसकल. प्रत्येक प्रदेशाची देशी यादी वेगळी असते. न्यू जर्सीतील यादी ॲरिझोनात चालत नाही, म्हणून स्थानिक रोपवाटिका किंवा राज्याच्या वनस्पती संस्थेकडे चौकशी करावी. कोनफ्लॉवरची वाळलेली बोंडे शरदात कापू नयेत, गोल्डफिंच त्यांतील बिया टिपतात. ओकखालची पाने झाडून पिशव्यांत भरू नयेत, कारण अनेक पतंगांचे कोश त्याच पाचोळ्यात हिवाळा काढतात. वठलेले झाड घरावर पडण्याचा धोका नसेल तर उभे राहू द्यावे. सुतारपक्षी त्यात ढोली करतात आणि मागाहून चिकॅडी, घुबडे त्यांत राहतात. हिरवळीवर कीटकनाशक फवारणे थांबवावे, कारण ज्यावर पिल्ले वाढायची तेच अन्न त्याने नष्ट होते. नंदिना हे लाल फळांचे आशियाई झुडूप दक्षिणेकडील बागांत फार लावले जाते. त्याच्या फळांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असून, जॉर्जिया राज्यात २००९ साली ती भरपेट खाल्लेले सीडार वॅक्सविंग मरून पडलेले आढळले. ते लावलेले असेल तर काढावे, निदान फळांचे घोस तरी छाटावेत.

कृत्रिम घरटे लावताना भोकाचा व्यास हा सगळ्यांत निर्णायक असतो. ईस्टर्न ब्लूबर्डसाठी दीड इंच, चिकॅडीसाठी सव्वा इंचाहून किंचित कमी. त्याहून मोठे भोक शत्रूला वाट देते. बाहेर बसायची दांडी लावू नये, तिचा उपयोग घरटे बळकावणाऱ्यांनाच होतो. पेटीला खाली निचऱ्याची छिद्रे, वर वायुवीजन आणि साफसफाईसाठी उघडणारी बाजू असावी, आणि खांबावर साप व रॅकून यांना अडवणारा अडथळा. ब्लूबर्डची विसाव्या शतकात ओसरलेली संख्या पुन्हा सावरली ती अशाच पेट्यांच्या रांगांमुळे. लॉरेन्स झेलेनी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. भिंगरीच्या कुळातील पर्पल मार्टिन तर पूर्व भागात जवळजवळ पूर्णपणे माणसाने दिलेल्या घरट्यांवर अवलंबून आहे; तेथील मूलनिवासी लोक पूर्वीपासून त्याच्यासाठी पोकळ भोपळे टांगत आले आहेत.

येथे मराठी वाचकाला अवघड वाटेल अशी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारातून २०१० पासून जगभर ज्या चिमणीचा दिवस २० मार्चला पाळला जातो, तीच घरचिमणी १८५०च्या दशकाच्या आरंभी ब्रुकलिनमध्ये माणसाने आणून सोडली आणि सर्व खंडभर पसरली. आज ती ब्लूबर्डच्या पेटीत शिरून अंडी फोडते, पिल्लांना आणि प्रसंगी बसलेल्या मादीलाही चोचीने ठार करते. १८९० व १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडलेल्या स्टारलिंगचीही कथा तशीच. दोष पक्ष्याचा नाही. परंतु ज्याने पेटी लावली, त्याच्यावर ती राखण्याची जबाबदारी येते. आठवड्यातून एकदा पेटी उघडून पाहावी आणि घरचिमणीने काड्या आणल्या असतील तर अंडी घालण्यापूर्वीच त्या काढाव्यात. कायद्याचे संरक्षण नसल्याने तिचे घरटे काढायला परवानगी लागत नाही. हे मनाला पटत नसेल तर पेटी लावूच नये, कारण न राखलेली पेटी देशी पक्ष्यासाठी सापळा ठरते.

काच ही बहुतेकांच्या लक्षात न येणारी एक मोठी मारेकरी आहे. एकट्या संयुक्त संस्थानांत दरवर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी इमारतींवर आदळून मरतात असा अंदाज २०१४ साली मांडला गेला, आणि त्यांतील सुमारे निम्मे उंच मनोऱ्यांवर नव्हे, तर साध्या एक ते तीन मजली घरांवर आदळतात. पक्ष्याला काचेत आकाश आणि झाड दिसते आणि तो सरळ तिकडे झेपावतो. ससाण्याचे एकच काळे चित्र चिकटवण्याचा उपाय निरुपयोगी आहे, पक्षी त्याच्या बाजूने जाऊ पाहतो. काचेच्या बाहेरच्या बाजूला, संपूर्ण पृष्ठभागावर, दोन-दोन इंचांच्या अंतराने ठिपके किंवा रेघा हव्यात. साबणाची रेखाटने, चिकटपट्टी, बाहेरून ताणलेली जाळी किंवा चार-चार इंचांवर सोडलेल्या दोऱ्याही चालतात. शिकागोच्या सरोवरकाठावरील मॅकॉर्मिक प्लेस या अधिवेशन केंद्राच्या एकाच इमारतीखाली ५ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी सुमारे हजार स्थलांतरी पक्षी मरून पडलेले सापडले. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या काचांवर ठिपक्यांचे आवरण बसवल्यावर त्या शरदात टकरींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. इतक्या साध्या उपायाने इतका फरक पडतो, हे पक्षिसंरक्षणात क्वचितच दिसते. बहुतेक लहान पक्षी रात्री स्थलांतर करीत असल्याने एप्रिल-मे आणि ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर या काळात बाहेरचे अनावश्यक दिवेही मालवावेत.

मांजराविषयीही तेवढेच निःसंदिग्ध सांगावे लागते: संयुक्त संस्थानांत मोकाट व पाळीव मांजरे मिळून दरवर्षी १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा २०१३चा अंदाज आहे. पाळीव मांजर घरात किंवा जाळीने बंदिस्त केलेल्या सज्जात ठेवावे. पोट भरलेले मांजरही शिकार करतेच.

१९१८च्या स्थलांतरी पक्षी करार अधिनियमानुसार बहुतेक देशी पक्ष्यांना पकडणे, मारणे, अंडी असलेले घरटे हलवणे, इतकेच काय, गळून पडलेले पीस किंवा रिकामे घरटे घरी ठेवणेही बेकायदा आहे. जमिनीवर बसलेले, पिसे फुटलेले आणि आखूड शेपटीचे पिल्लू हे सहसा हरवलेले नसते. ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच असतात, म्हणून त्याला तेथेच राहू द्यावे. पिसे न फुटलेले पिल्लू मात्र घरटे सापडल्यास परत ठेवावे. माणसाचा वास लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. जखमी पक्षी झाकणाच्या, हवेशीर खोक्यात अंधारात ठेवून परवानाधारक वन्यजीव पुनर्वसकाकडे न्यावा आणि त्याला खाऊ-पिऊ घालू नये.

अंगणाबाहेर करण्यासारखे दोन खर्च सुचवता येतील. हिवाळ्यात मध्य व दक्षिण अमेरिकेत जाणाऱ्या वार्ब्लरांना आसरा देणाऱ्या दाट सावलीच्या झाडांखाली पिकवलेली, स्मिथसोनियन संस्थेचे ‘बर्ड फ्रेंडली’ प्रमाणपत्र असलेली कॉफी घ्यावी. आणि १९३४ पासून निघणारा, आता पंचवीस डॉलरचा ‘डक स्टँप’ शिकारीचा छंद नसलेल्यानेही विकत घ्यावा, कारण त्याची जवळजवळ सारी रक्कम पाणथळ जमिनी राखण्यावर खर्च होते.

शिवाय मोजणी आहे. कॉर्नेल पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि बर्ड्स कॅनडा मिळून चालवत असलेल्या ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’मध्ये नोव्हेंबर ते एप्रिल या काळात आपल्या अंगणातील पक्षी मोजून कळवता येतात, आणि फेब्रुवारीतील चार दिवसांच्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’साठी तर पंधरा मिनिटे पुरतात. हाउस फिंचांच्या डोळ्यांच्या रोगाचा माग संशोधकांना लागला, तोही अशाच घरोघरच्या निरीक्षकांच्या नोंदींमुळे. फीडरवॉचमध्ये नोंद करताना प्रत्येक जातीचे एका वेळी एकत्र दिसलेले जास्तीत जास्त पक्षी हाच आकडा लिहावा, म्हणजे तोच चिकॅडी दहा वेळा येऊन गेला तरी तो दहा म्हणून मोजला जात नाही. आणि एखादी जात नेहमी येत असून त्या दिवशी आली नाही, तर तिची अनुपस्थितीही तितकीच प्रामाणिकपणे नोंदली जावी.